खिडकीच्या आतला रखमाजी आणि बाहेरचा रखमाजी

भेंडवडीत रखमाजी नावाचा एक भोळा गडी होता. किती भोळा? वाण्याने म्हटलं, "जरा दुकानाकडे लक्ष ठेव," तर हा समोरच्या ओट्यावर बसून दुकानाकडे टक लावून बघायचा. बकरी आत शिरून गुळाची ढेप फस्त करायची, पण याची नजर काही हलायची नाही. लक्ष ठेवलं होतं ना!

आणि मंडळी, सरकारने गुपितं सांभाळायला नेमका हाच माणूस ठेवला.

झालं असं. तालुक्याच्या कचेरीत गोपनीयता अधिकाऱ्याची नवी जागा निघाली. काम काय, तर लोकांच्या कागदांतली खासगी माहिती भलत्याच्या कानी जाऊ द्यायची नाही. मुलाखतीच्या दारात शिपाई रखमाजीला म्हणाला, "घट्ट तोंडाचा माणूस हवाय बरं का!"

आत साहेबांनी विचारलं, "नाव?"

रखमाजी गप्प.

"गाव?"

गप्प.

"अहो, निदान शिक्षण तरी?"

"सांगणार नाही."

तिन्ही साहेब एकमेकांकडे बघून म्हणाले, "हाच!"

आता या नोकरीवर रखमाजीचं लग्न अडलं होतं. सोपानमामाची इंदू त्याला द्यायची ठरली होती. मामाची अट एकच. "तीन महिने टिक. कायम झाल्याची ऑर्डर माझ्या हातात ठेव आन् पोरीला घेऊन जा. न्हाईतर सावरगावचा कंडक्टर तयारच हाय."

इंदूला कंडक्टर नको होता. एकदा ती रखमाजीला "थांब हं, आलेच" म्हणाली आणि विसरली, तर हा दिवस मावळेपर्यंत आडापाशी उभा. असा नवरा शोधून मिळतो का?

रखमाजी कामाला लागला. पहिल्याच दिवशी तहसीलदार हुलवळेसाहेबांनी बजावलं, "लोकांची नावं चारचौघांत घ्यायची नाहीत. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी द्यायची आणि नंबराने हाक मारायची."

"असं होय!" म्हणून रखमाजीने रुमालाला गाठ मारली. हुकूम विसरू नये म्हणून.

आठवडा बरा गेला. मग कचेरीतले एक जुने कारकून वारले. त्यांच्या टेबलाचा नंबर सतरा. शोकसभेत रखमाजी उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आपले लाडके सतरा नंबर आज आपल्यात नाहीत."

व्हरांड्यात एक म्हातारी सतरा नंबरची चिठ्ठी घेऊन बसली होती. ती छातीवर हात मारून म्हणाली, "अगं बया! मी कवा गेले?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, अशा वेळी मोठ्याने नाव घ्यावं! कुणाचा कोण, कुठला, काय आजार होता, सगळं सांगावं. मग दोन मिनिटं शांत उभं राहावं."

"असं होय!" दुसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी सरपंच दाजीबांचा अर्ज आला. आजारामुळे फार वेळ बसवत नाही, तेव्हा सभेत उभं राहायची परवानगी मिळावी. वर शिक्का, 'खासगी'. रखमाजीने कर्णा हातात घेतला.

"भेंडवडीचे सरपंच, कै. गेनबांचे चिरंजीव दाजीबा! यांना मूळव्याध! फार सोसलं हो बिचाऱ्यांनी! सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

सगळी कचेरी उभी राहिली. सरपंच धोतर सावरत धावत आले. "आरं, मी जिता हाय!"

"असाल," रखमाजी म्हणाला, "पण आधी दोन मिनिटं होऊ द्या."

साहेब पाणी प्याले. मग म्हणाले, "रखमाजी, असा कागद दिसला की त्यावरचं नाव, गाव, वय काळ्या शाईने पुसून टाकायचं. मग तो कुणाचा का असेना!"

"असं होय!" तिसरी गाठ.

त्या दुपारी रहिवासी दाखल्यांचा गठ्ठा आला. संध्याकाळपर्यंत चाळीस दाखले काळे झाले. हात चालूच होता म्हणून स्वतःच्या छातीवरचं ओळखपत्रही त्याने काळं केलं. एक शेळीवाला दाखला उलटासुलटा करून म्हणाला, "साहेब, ह्यात माझं काय हाय?"

"शिक्का आहे की!"

साहेब आता हात जोडूनच बोलले. "बाबा रे, ज्याचं नाव, त्याला दाखवावं लागतं! त्याने खिडकीवर येऊन लेखी संमती द्यायची. तू त्याचं ओळखपत्र बघायचं. ओळख पटल्याशिवाय सख्ख्या भावालाही नाव दाखवायचं नाही."

"असं होय!" चौथी गाठ. रुमालात नाक पुसायला जागा उरली नाही.

आणि तीन महिने भरले. त्याच दिवशी टपालाने ऑर्डर आली. 'श्री. रखमाजी टेंभरे यांस कायम करण्यात येत आहे.' त्याने ती दोनदा वाचली, आनंदाने डोळे भरले, आणि लगेच दौत उघडून नाव काळं केलं.

तेवढ्यात सोपानमामा आलाच. "ऑर्डर आली म्हणं? दाव."

रखमाजीने कागद दाखवला. "ह्यो काळा पट्टा म्हंजे कोण?"

"ते सांगता येत नाही, मामा. संमती लागते."

"आरं, पण तूच ना त्यो? मग दे की संमती!"

रखमाजीला पटलं. तो कचेरीबाहेर आला, अर्ज लिहिला, खिडकीतून आत सरकवला. मग वळसा घालून आत गेला, खुर्चीवर बसला, चष्मा लावला. अर्ज वाचला.

"ओळखपत्र?"

बाहेर धावला, छातीवरचं ओळखपत्र काढून खिडकीत ठेवलं. आत धावला. बघतो तर सगळं काळं. बराच वेळ निरखलं, उजेडात धरलं. मग खेदाने मान हलवून शिक्का मारला, 'ओळख पटली नाही. नामंजूर.'

बाहेर येऊन त्याने तो अर्ज वाचला आणि त्याचा पारा चढला.

"मामा, बघा! वळख पटत न्हाई म्हणतोय! कसला येडा मानूस बसवलाय हो खिडकीत!"

"येडा तर हायेच!" मामाही पेटला. "कर तक्रार! मी साक्षीदार!"

रखमाजीने तक्रार खरडली. 'गोपनीयता अधिकारी बिनडोक आहे. त्यास तात्काळ काढावे.' खाली सही केली. आणि तक्रारदाराचं नाव उघड होऊ नये म्हणून ती नीट काळी केली.

हुलवळेसाहेब तीन महिने अशाच कागदाची वाट बघत होते. लेखी, वर साक्षीदार! त्यांनी उभ्या उभ्या हुकूम काढला.

संध्याकाळी रखमाजी पेढ्यांचा पुडा घेऊन मामाच्या दारात. इंदू चौकटीआड उभी.

"मामा, तोंड गोड करा! त्या येड्याला काढला!"

मामाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"आता जागा रिकामी झाली," रखमाजी हसत म्हणाला. "मी अर्ज करून आलोय. इंदू, थांब हं, आलोच!"