अर्धी टाकी

पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळायला लागले, तेव्हाची गोष्ट. अनसूया नर्सबाईंच्या जुन्या स्कूटरवरचा पेट्रोलचा काटा स्वतःला फार खरा समजायचा.

नर्सबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि स्कूटर दोन महिने पावसात उभी राहिली. टाकीचं झाकण सैल होतं.

"काटेदादा, आत पाणी झिरपतंय," टाकी म्हणाली. "या नव्या पेट्रोलला पाण्याची भारी ओढ. बाई आल्या की त्यांना काहीतरी खूण कर."

"टाकी अर्धी आहे आणि मी अर्धीच दाखवतोय. आणखी काय सांगू?" काटा म्हणाला.

नर्सबाई परतल्या त्याच दिवशी निरोप आला, पलीकडच्या वाडीत एक बाळंतीण अडली आहे. त्यांनी काट्याकडे पाहिलं, "आहे पेट्रोल," म्हणाल्या आणि निघाल्या. चढावर स्कूटरला दोनदा ठसका लागला आणि ती बंदच पडली. पिशवी घेऊन नर्सबाई धावत सुटल्या. बाळ वाचलं, पण थोडक्यात.

नंतर बशीर मिस्त्रींनी टाकी बाटलीत रिकामी केली. तळाशी पाणी साचलेलं स्पष्ट दिसलं. "बाई, झाकण घट्ट पाहिजे. आणि गाडी इतकी उभी राहिली तर आधी जुनं पेट्रोल काढायचं, मगच किक मारायची."

काटा शून्यावर मान टाकून पडला होता. नर्सबाईंनी पदराने त्याची काच पुसली.

"तुझं काय चुकलं रे? नुसता चेहरा पाहून मी कुठल्या बाईच्या पोटातलं कधी सांगितलं नाही. तुझा मात्र तेवढाच पाहिला."