अक्काच्या दहाव्याला

"माझं चुकलं काय, ते तरी सांगा बुवा."

माणिकशेठ घाटाच्या पायरीवर उभा होता. अंगात पांढरा सदरा, हातात मोगऱ्याचा गजरा.

अक्काचा दहावा होता. भाताचा पिंड ठेवून बराच वेळ झाला, पण पिंपळावरचा एकही कावळा खाली उतरत नव्हता. तिची काही इच्छा अडली असणार, सगळे म्हणाले. मी धाकटा भाऊ. तिच्या पोरीला सांभाळीन म्हणालो. दारूला शिवणार नाही म्हणालो. तरी नाही.

आणि आता हा आला होता.

मठातले आमचे बुवा ऐकत होते.

"तिच्याकडे पैसे देऊन जायचो, खरंय. पण बळजबरी नव्हती. पिऊन कधी गेलो नाही. चपला दाराबाहेर काढायचो."

"बरं..."

"घरी बायको अंथरुणाला खिळलेली. पुरुषाच्या जातीनं करायचं काय? उलट माझ्यामुळं अक्काची चूल पेटत होती. मी नसतो तर दुसरा असता."

"दुसरे होतेच की," बुवा म्हणाले.

शेठचं तोंड उतरलं.

"होते. पण हसायची ती माझ्याशीच."

मला चटका बसला. माझ्याशी ती कित्येक वर्षांत हसली नव्हती.

"मला एक वचन देऊ द्या," शेठ म्हणाला. "माझ्यासाठीच अडलीय ती."

याच्या शब्दावर कावळा उतरला असता, तर मी त्या कावळ्याची मान मुरगळली असती.

"कधी हसायची?" मी विचारलं.

"मी आतून कडी लावली की."

"बाप पट्टा काढायचा तेव्हाही हसायची," मी म्हणालो. "हसली की तो लवकर थांबायचा."

शेठ गजऱ्याकडे बघत राहिला.

त्याच्याकडे नसलेलं तिचं एवढंच माझ्यापाशी होतं. तेही मी त्याला देऊन बसलो.

तरी तो पिंडाकडे निघाला. मी आडवा झालो.

"मीच परत बोलतो. भाऊ आहे तिचा."

"भाऊ? चार वर्षांत एकदा तरी दारात दिसलास?"

मी त्याची गचांडी धरली. गजरा पायाखाली गेला.

बुवा उठले. आम्हा दोघांच्या मध्ये त्यांनी काठी टेकली.

"मागं सरा, दोघंही. एकदा तरी तिला एकटीला जेवू द्या."