गावातलाच हवा

सुगंधा गोताड पार दमली होती. गावातल्या बायकांची सहकारी संस्था तिने उभी केली, पंचायतीच्या शेडमध्ये गावचीच नाचणी, कुळीथ, लाल तांदूळ विकायला ठेवले. आता ती शेड वाचवायला तिला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत होते. आमदार दिनकरभाईंना तिथे परगावच्या कंपनीचं दुकान आणायचं होतं.

ग्रामसभेत भाई गरजले, "काय सारखं गावातलं, गावातलं धरून बसलात! बाहेरचा माल कसा चकचकीत असतो. गावातलंच का घ्यायचं, याचं एक कारण सांगा. शेड तुमची!"

बायका सुगंधाकडे बघू लागल्या. तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं. खांबाला धरून ती उठली आणि हळूच म्हणाली, "भाई, निवडणुकीत तुमच्यासमोर उभा होता तो मुंबईचा उमेदवारही चकचकीतच होता. तेव्हा 'बाहेरचा नको, गावातलाच हवा' असं तुम्हीच घरोघर सांगत फिरलात. आम्ही ऐकलं. आमचं चुकलं का?"

सभेत हशा पिकला.

"ठेवा शेड तुमच्याकडेच," असं पुटपुटत भाई गाडीकडे वळले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधा मात्र मटकन खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "आता मला घरी ने गं बाई. दोन घास खाते आणि झोपते."