घोंगडीपलीकडचा झाडू

हिमशिखरांच्या कुशीतल्या एका गावात एकदा एक युवती राहत होती. गावचे तळे हिवाळ्यात गोठत असे आणि त्यावर एक खेळ रंगत असे. जड, घोटीव दगड बर्फावरून सरकवायचा आणि दूर आखलेल्या वर्तुळाच्या मध्यावर नेऊन थांबवायचा. या खेळाला कर्लिंग म्हणतात. दगड सोडणारा एकच असतो. पण दगड धावू लागला की त्याचे सोबती झाडू घेऊन त्याच्यापुढचे बर्फ घाशीत जातात. घासलेल्या बर्फावरून दगड अधिक दूर जातो. सोडणाऱ्याने मात्र वर्तुळापाशी उभ्या धरलेल्या निशाणीच्या झाडूवरच नजर ठेवायची, असा या खेळाचा रिवाज आहे.

युवती हा खेळ गावातल्या एका वृद्धाकडून शिकली. शाळेच्या संघातून ती जिल्ह्याच्या संघात गेली, तिथून प्रांताच्या, आणि अखेरीस देशाच्या कनिष्ठ संघाची कर्णधार झाली. तिच्या दगडापुढे पहिल्यापासून गावातली एकच मैत्रीण झाडू चालवीत आली होती.

युवती खालच्या पायरीवर होती तेव्हा तिला प्रतिस्पर्धी समोरच्या बाजूला दिसत. वर गेल्यावर ते शेजारी दिसू लागले. वरिष्ठ संघात या गावातून एकीलाच घेणार, अशी कुजबुज कानी आली आणि तिची झोप उडाली. सामन्याआधी ती बुटाचा गुळगुळीत तळ बोटाने चाचपून पाही. कोणी वाळूचा कण तर चिकटवला नाही ना? दुसऱ्याच्या हातचा चहा ती घेईना. सोबतिणी बोलत असताना ती मुद्दाम जवळून जाई. त्या गप्प झाल्या, तर विषय आपलाच होता असे ती धरून चाले. गप्प झाल्या नाहीत, तर त्यांनी विषय बदलला असे समजे.

त्याच सुमारास तिचे दगड वर्तुळाच्या अलीकडेच थांबू लागले. एके सकाळी ती वृद्धाकडे गेली.

"बाबा, ती मुद्दाम करते आहे."

"कोण? काय करते?"

"माझी मैत्रीण म्हणवणारी. झाडू चालवल्याचं सोंग करते. हात हलतात, पण जोर नसतो. मी बघते ना."

"कधी बघतेस?"

"दगड सोडताना. सोडल्यावर. सारखी."

"बरं. मग?"

"उद्या अंतिम सामना आहे. तिला ठेवायचं की बदली मुलगी घ्यायची, ते मला संध्याकाळपर्यंत प्रशिक्षकांना सांगायचंय. आज काढली, तर ती वरिष्ठ संघापर्यंत कधीच पोचणार नाही. म्हणून म्हणते, तुम्ही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"म्हणजे तुला साक्षीदार हवाय."

"मला खरं काय ते हवंय."

"मग तिला घेऊन तळ्यावर ये," वृद्ध म्हणाला.

दोघी तळ्यावर आल्या, तेव्हा त्याचे चाललेले काम पाहून युवती चकित झाली. खेळाच्या बर्फाळ पट्टीच्या मध्यावर त्याने आडवी दोरी बांधली होती आणि तिच्यावर एक लांबरुंद घोंगडी टाकली होती. खालून फक्त दगड जाईल एवढी फट ठेवली होती. मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून त्याने तिला घोंगडीपलीकडे पाठवले. स्वतः वर्तुळापाशी स्टुलावर चढला आणि निशाणीचा झाडू उंच धरला. घोंगडीच्या वर तेवढा झाडूच दिसत होता.

"बाबा, मला ती दिसत नाही!" युवती ओरडली.

"मला दिसते ना! तू सोड दगड."

तिच्यापुढे पाहण्यासारखे दुसरे काही उरलेच नव्हते. तिने झाडूवर नजर लावली आणि दगड सोडला. पलीकडून झाडूचा खसाखसा आवाज येऊ लागला. दगड घोंगडीखालून गेला. "मध्यावर!" वृद्धाने हाक दिली. दुसरा दगडही मध्यावर गेला. तिसऱ्याने दुसऱ्याला हलकेच स्पर्श केला.

युवती उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "पाहिलंत?" ती मोठ्याने म्हणाली. "आज तुम्ही समोर आहात म्हणून तिने पुरा जोर लावला. एरवी का लावत नाही, ते आता विचारा तिला."

वृद्ध स्टुलावरून उतरला, सावकाश चालत आला आणि त्याने घोंगडी ओढून काढली.

पट्टीवर कोणीच नव्हते. रात्री पडलेल्या हिमाचा पातळ थर दगडांच्या वाटा आणि वृद्धाची पावले यांखेरीज सगळीकडे जसाच्या तसा होता. मैत्रीण काठावर प्रेक्षकांची बाके झाडीत उभी होती.

"बाबा म्हणाले, पाहुणे यायचेत, बाकं झाडून घे," ती म्हणाली. मग युवतीकडे वळली. "आणि जोर म्हणशील तर पुरा लावलाय हो. बघ, कशी लख्ख झालीत." एवढे बोलून तिने झाडू खांद्यावर टाकला आणि मागे न पाहता निघून गेली.

युवतीने खाली वाकून दगडाच्या वाटेशेजारचे हिम बोटाने चाचपले.

वृद्ध घोंगडीची घडी घालता घालता म्हणाला, "दगड सोडताना तू तिच्या हातांकडे बघतेस. त्यासाठी मान उचलतेस आणि हात लवकर सुटतो. दगड अलीकडे थांबतो, आणि तोच तुला तिच्याविरुद्धचा पुरावा वाटतो. आज ते हात दिसले नाहीत, तर तुझा दगड कुणी न झाडताही पोचला. पण तेसुद्धा तू पुरावाच मानलंस. संशयाला हरलेला दगड चालतो आणि जिंकलेलाही चालतो, पोरी."

"पण बघायचंच नाही का मग कधी?"

वृद्धाने घडी छातीशी धरली. घोंगडी त्याच्या पत्नीची होती. पत्नी आता हयात नव्हती. "माझ्या दगडापुढे जन्मभर ही झाडत गेली. मी निशाणीवरची नजर कधी काढली नाही, त्यामुळे मला तिच्या झाडूचा आवाज आठवतो. हात आठवत नाहीत. तेवढं तू करू नकोस. दगड थांबला, की बघ."

संध्याकाळी युवतीने प्रशिक्षकांना सांगितले, "तीच राहील."

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना अखेरच्या दगडावर आला. मैत्रीण सकाळपासून तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. युवती दगडापाशी वाकली आणि तिच्या मनात आले, की आजवर हिला हात आखडण्याचे कारण नव्हते; काल ते मीच तिला दिले. आज संशय घ्यायला खरोखरच जागा होती. मान वर उठू पाहत होती. तिने ती उठू दिली नाही. निशाणीवर नजर ठेवून तिने दगड सोडला आणि झाडूचा आवाज थांबेपर्यंत नजर हलवली नाही.

दगड वर्तुळात शिरला आणि थांबला. समोरच्या संघाचा दगड मध्याला बोटभर अधिक जवळ होता, आणि सामना त्यांचा झाला.

युवती चालत पलीकडे गेली. मैत्रीण झाडूवर भार टाकून धापा टाकीत उभी होती. तिच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती आणि झाडूच्या दांड्याला रक्त लागले होते.

"काय बघतेस?" मैत्रिणीने विचारले. कालपासूनचे तिचे हे पहिलेच शब्द होते.

"हात."

"हात कसले बघतेस? दगड बघ! बोटभर राहिला ना गं."

"राहू दे," युवती म्हणाली आणि आपले हातमोजे काढून तिच्या हातांत चढवू लागली.

आपल्यापुढे कोणी झाडत असेल, तर दगड थांबल्यावर तरी त्याचे हात पाहून घ्यावेत.