देवदाराच्या नातवाची पानं

चूक म्हाताऱ्या देवदाराचीच होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

हिमालयात माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. देवदाराच्या सुईसारख्या पानांत एक बुरशी राहायची. तिच्यामुळे पानं कडू होत, अळ्या तोंड फिरवत. दर वसंतात ती पावसाच्या थेंबांबरोबर खाली, त्याच्या पायाशी उगवलेल्या रोपट्याच्या, म्हणजे एकुलत्या नातवाच्या कोवळ्या पानांत उतरायची. देवदार दरवर्षी टोमणे मारायचा. त्या वर्षी त्यानं बंदीच घातली.

"माझं वय चारशे, उंची ढगाएवढी. आणि तू? पानातली घाण! माझ्या कुळाला शिवू नकोस."

"आजोबा, अळ्या निघाल्यात," बुरशी म्हणाली.

"मोठ्यांना शिकवतेस?"

"येऊ द्या ना तिला," रोपटं म्हणालं.

"तू गप्प बस! तुला काय कळतंय?"

बुरशी दमली होती. किती वर्षं तेच तेच ऐकायचं? ती जुन्या पानांत पडून राहिली.

अळ्या आल्या. जुन्या पानांना त्यांनी तोंडही लावलं नाही. रोपटं मात्र आठ दिवसांत फस्त केलं.

"अगं, उतर आता!" देवदार ओरडला.

"कुठे उतरू, आजोबा? पान कुठंय?"

देवदार अजून तेवढाच उंच आहे. त्याला नातू नाही.