हिवरटोकचा तेविसावा हिरडा

हिवरटोकच्या खिंडीत गाडीरस्ता संपतो. पुढे पाऊण तासाची पायवाट आहे, पण तिच्यावर कुणी आपल्या मनाने पाऊल टाकत नाही. डाव्या हाताला एक बसकट दगड आहे. आलेल्याने तिथे थांबायचे, गावातले कोणी न्यायला आले की त्याच्या मागोमाग वर जायचे. त्या दिवसाची पाहुण्यांची गणती भरली असेल, तर पायथ्याच्या वाडीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी यायचे. शहरातून लांबचा प्रवास करून आलेली माणसे यावर कुरकुरतात. मग कोंडाजी लव्हाळे त्यांना सावलीला बसवतात. ऐंशीच्या घरातला माणूस; चिडलेल्यालाही ते उलट बोलत नाहीत. ठमाची हकिकत सांगतात.

ही हकिकत फार जुनी. कोकणातून देशावर जाणारी बैलांची वाट तेव्हा याच खिंडीतून होती, असे सांगतात. टोकावर महादेव कोळ्यांची बावीस घरे. कड्याच्या पोटात खोदलेले एक टाके, त्यात कातळातून बारमाही पाझरणारे पाणी, आणि काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या सात मावल्या, पाण्याच्या राखणदार देवी. गावाचे, गुरांचे, देवराईतल्या पाखरांचे पाणी तेवढेच. ते तोवर कधी वर आले नव्हते आणि कधी आटले नव्हते.

ठमा ही याच गावातली विधवा बाई. तिला एकच लेक, सोना. ती खाली कोकणात कुडशेतला दिलेली. एका चैत्रात हिरडे गोळा करायला ठमा खिंडीजवळ गेली असताना तिला एक व्यापारी कुटुंब अडलेले दिसले. त्यांच्या म्हातारीचे डोळे आले होते, सुजून मिटले होते, आणि ती रडत होती. ठमाने तिला हात धरून घरी आणले. तीन दिवस टाक्याच्या पाण्याने तिचे डोळे धुतले, नाचणीची भाकर खाऊ घातली. चौथ्या दिवशी म्हातारीने डोळे उघडले. हे कसले पाणी म्हणून तिने विचारले, आणि ठमाने टाके दाखवले. सांगू नये असे त्यात काही होते, हे तिच्या मनातही आले नाही. दारी आलेल्यापासून काय लपवायचे?

म्हातारी देशावर गेली आणि पाण्याची गोष्ट तिच्याबरोबर गेली. पुढच्या होळीनंतर दहा माणसे आली. त्याच्या पुढच्या वर्षी किती आली ते कुणी मोजले नाही. डोळेवाले आले, खरूजवाले आले, मग नुसतेच थंड हवेला आणि कड्यावरून कोकण बघायला म्हणूनही लोक येऊ लागले. पहिली दोन वर्षे गावाला बरे वाटले. मध, तूप, जिरवेल तांदूळ, सगळे जागेवर खपू लागले. तरण्या पोरांना पोटासाठी घाट उतरून जावे लागेना. लोक ठमाला दुवा देत.

मग हळूहळू गावाचे बिनसले. पाहुणे उतरत ते वाटेवरच्या चार घरांत, आणि त्यांनी टाकलेल्या पत्रावळी, चिंध्या, उष्टे वाऱ्याने जाई ते वरच्या आळीत. चार घरांना तूप, बाकीच्यांना माशा. पाहुण्यांच्या चुलींसाठी सरपण कमी पडले तसे देवराईतले वाळके तोडले, मग ओलेही. जिथे नखाने पान खुडायची चोरी, तिथे कुऱ्हाड वाजू लागली. टाक्यात लोक हात घालत, पाय घालत, डोळ्यांवरच्या पट्ट्या तिथेच पिळत. गावच्या बायका आपल्याच पाण्याला रिकामे हंडे घेऊन पाहुण्यांच्या मागे उभ्या राहू लागल्या. हे सगळ्यांना दिसत होते. पण नाही कोण म्हणणार? चार घरे म्हणत नव्हती, आणि इतरांना वाटे, आज ना उद्या आपल्याही दारी कोणी उतरेल.

तिसऱ्या वर्षी वैशाखात टाक्याचे पाणी हिरवे झाले. लहान मुलांना हगवण लागली आणि वरच्या आळीतली दोन दगावली. त्यातल्या एकाची आई, गंगू, ठमाला टाक्यावर भेटली. ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "तुझं तोंड सुटलं, ठमे, आन् गावाचं पाणी आटलं."

हे वाक्य ठमाच्या काळजात रुतले. आठ दिवसांत टाके खरेच आटले. भगताने मावल्या कोपल्या म्हणून सांगितले, बोकड कापले गेले, पण पाणी आले नाही. पाहुणे मात्र आल्या पावली निघून गेले. तहानलेल्या गावात कोण राहतो?

तेव्हा ठमा एकटीच टोपले घेऊन कोरड्या टाक्यात उतरली आणि गाळ उपसू लागली. चिंध्या निघाल्या, कुजलेली फुले, फुटकी मडकी, बांगड्यांच्या काचा निघाल्या. दुपारपर्यंत गंगू तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. संध्याकाळी सगळे गाव आले, वाटेवरची चार घरेसुद्धा. पाच दिवस गाळ निघत होता. तळाचा कातळ उघडा पडला तेव्हा पाझर ओला दिसला. तो मेला नव्हता, नुसता बुजला होता.

त्या रात्रीच गावकी बसली. कुणी म्हणाले, खिंड दगडांनी बंद करा. कुणी म्हणाले, मग पोरांनी पुन्हा घाट उतरून मजुरी करायची काय? बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरले ते असे. जितक्या चुली, तितके पाहुणे. बावीस घरे, दिवसाला बावीस माणसे, प्रत्येक घरी एक, आणि आज कोणाचा पाहुणा कोण हे आळीपाळीने. पाहुण्याने सरपण पायथ्याहून स्वतः आणायचे, उष्टे-खरकटे स्वतः खाली न्यायचे, टाक्यात हात घालायचा नाही. घरधनीण देईल तेवढे पाणी घ्यायचे. गावाने बेलभंडारा उचलून शपथ घेतली. खिंडीत बसायचे काम ठमाने मागून घेतले. तिच्या ओटीत बावीस हिरडे असत. आलेल्याच्या हातावर एक ठेवायचा. तो दाखवल्याशिवाय वर कोणी दार उघडत नसे. ओटी रिकामी झाली की दिवस संपला.

पावसाळ्यानंतर टाके भरले. ठमाने खिंड सोडली नाही. एकदा कुणा देशमुखाचा कारभारी घोड्यावरून आला, दरडावून गेला, तरी तिने हिरडा नाही तर नाहीच म्हटले. पण गावात पळवाट निघाली. सोयरे म्हणून, मावसभाऊ म्हणून लोक ओळखीपाळखीची माणसे गणतीबाहेर आणू लागले. तेव्हा ठमानेच गावकीत बोलून ठरवून घेतले, की सोयरा असो की सख्खा, वर राहायला येईल तो पाहुणाच आणि त्याला हिरडा लागेलच. हे तिचेच बोलणे होते. कोंडाजी हे दोनदा सांगतात.

दुसऱ्या वैशाखात एका दुपारी, ओटीतला शेवटचा हिरडा देऊन झाल्यावर, कोकणच्या बाजूने सोना चढून आली. कडेवर चार वर्षांची मंजी. पोरीचे डोळे सुजून मिटले होते आणि अंग तापाने फणफणले होते. नवरा खाली आजारी, सोबतीला कोणी नाही; दीड दिवस ती बाई एकटी चढत होती. मागे परत पाठवलेले पाचसहा लोक अजून तिथेच बसलेले होते आणि सगळे ठमाकडे बघत होते.

ठमाने ओटी चाचपली, जणू एखादा राहिला असेल. मग म्हणाली, "सोने, आजचे सरले. उद्याचा पयला तुझा."

सोनाने आईकडे पाहिले. "पोरीला ताप हाय, आये."

"दिसतंय मला."

सोना यापुढे काही बोलली नाही. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे ठमा पुढे जन्मभर म्हणे. ती फक्त दगडाला टेकून बसली. ठमाने आपल्या वाट्याचा पाण्याचा गडू तिला दिला, पोरीचे डोळे धुतले, आपले लुगडे फाडून कपाळावर ओली पट्टी ठेवली. पाणी गडूभरच होते. वर गावात घर होते, घोंगडी होती, झाडपाल्याचे जाणणारी गंगू होती. पाऊण तासाची वाट. बसलेली माणसे एकेक करून उतरून गेली, तेव्हाही ठमाला उठता आले असते. कुणी पाहत नव्हते. पण दोन पोरे गेलेल्या गावाने भंडारा उचलला होता, आणि पहिल्यांदा तोंड सुटले होते ते तिचेच. ती उठली नाही.

दिवस उगवला. वरून माणूस दिवसाचे हिरडे घेऊन आला. ठमाने पहिला हिरडा सोनाच्या हातावर ठेवला. सोनाने तो घेतला, मांडीवरच्या मुलीकडे पाहिले आणि परत दिला.

"आता नगं," ती म्हणाली.

पोरीला उचलून ती आल्या वाटेने उतरून गेली. ठमा काही पावले मागे गेली, पण सोनाने वळून पाहिले नाही. पाण्याने मुलगी वाचली असती का? कोंडाजींना हे पुष्कळजण विचारतात. ते म्हणतात, ठमालाही ते कळले नाही, आणि तेच तिला आयुष्यभर पुरले.

गाव हादरले. कुणी म्हणाले, भंडारा पाळलास, तुझा दोष नाही. कुणी म्हणाले, असला नेम जळो, खिंड मोकळी करा. गावकी पुन्हा बसली. ठमा तीन दिवस जेवली नव्हती. भिंतीला धरून उभी राहिली.

"नेम मोडू नका," ती म्हणाली. "मोडलात तर पुन्हा तेच पाणी, पुन्हा तीच पोरं. पण आपण मोजलं ते चुलींपरमानं. ज्याची चूल कुठंच न्हाई, जो अडलाय, त्याचा एक धरायचा राहिला. तो तेविसावा धरा. त्याचं पाणी टाक्यातून जास्तीचं काढायचं न्हाई. आपापल्या वाट्यातून एकेक ओंजळ काढा. पयली माझी."

 मग गंगू उठली आणि तिने आपला तांब्या ठमाच्या पुढ्यात ठेवला. त्यामागून एकेक करत बावीस तांबे पुरे झाले.

ठमा त्यानंतर नऊ वर्षे खिंडीत बसली, म्हणे. त्या नऊ वर्षांत तिने सोनाला कितीतरी निरोप धाडले. उत्तर आले नाही. ती गेली तेव्हा तिच्या मुठीत एक हिरडा होता. तो कुणी काढून घेतला नाही.

आता टोकावर एकेचाळीस घरे आहेत. आजही पाहुणे त्याच हिशोबाने, घरामागे एक, आणि त्याखेरीज एक. पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचे काम आजही आळीपाळीने सगळ्या घरांत फिरते, आपला कचरा ज्याचा तो खाली नेतो, देवराईत कुऱ्हाड जात नाही. तेविसाव्याचे नाव बदललेले नाही, गणती बेचाळीसवर गेली तरी. आजारी, वाट चुकलेला, पुढे चालायचे त्राण न उरलेला, जो कोणी असेल त्याला तो हिरडा न विचारता मिळतो. कुणी आलेच नाही तर संध्याकाळी ते ओंजळ-ओंजळ पाणी मावल्यांच्या पायाशी ओततात.

आणि दर चैत्रात, पहिला हिरडा झाडावरून उतरला की, गावातल्या दोन बाया तो फडक्यात बांधून घाट उतरतात. कुडशेतला सोनाच्या घराण्यातले लोक आजही आहेत. त्यांच्या ओट्यावर हिरडा ठेवायचा, "टोकावर या" एवढेच म्हणायचे आणि पाणी पिऊन परतायचे, असा रिवाज आहे. कुडशेतचे लोक पाणी देतात, बसायला घोंगडी टाकतात, हिरडाही ठेवून घेतात. वर अजून कोणी आलेले नाही.