फाटकापर्यंतचा संकल्प

"...मग मी संकल्पच करायचा नाही का, माई?"

केशरीनाथाचा आवाज चिरकला. त्याचा तोच दचकला.

पाडव्याची सकाळ होती. गोदामाई मठाच्या ओसरीवर कडुनिंबाची पानं निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

केशरीनाथ एका नावाजलेल्या शाळेचा मुख्याध्यापक. नोकरी सोडून मठात आला, पण ताठा सुटला नव्हता. दर पाडव्याला तो माईंसमोर एखादा थोरला संकल्प करायचा. कधी वर्षभराचं मौन, कधी निद्रेवर विजय. चैत्र सरायच्या आत संकल्प मोडायचा, आणि मग उरलेलं वर्ष तो स्वतःलाच खात राहायचा. आपण असेच कोरडे मरणार, ही धास्ती आता त्याच्या घशाखाली घास उतरू देत नव्हती.

यंदा त्याने राग जिंकायचं ठरवलं होतं. अवघ्या जगाविषयी मनात कडवटपणा ठेवायचा नाही. माई एवढंच म्हणाल्या होत्या, की पेलेल का ते बघ.

तेवढ्यात फाटक वाजलं.

बाहेर त्याचा थोरला भाऊ जनार्दन उभा होता. आई शेवटच्या दुखण्यात असताना त्याने धाकट्याला कळवलं नव्हतं. केशरीनाथ पोचला तेव्हा चिता विझत आली होती. त्या दिवसापासून दोघांत अबोला.

केशरीनाथाने हलक्या आवाजात विनवलं, की माईंनी कुणाकरवी तरी निरोप द्यावा, मी ध्यानाला बसलोय म्हणून.

माईंनी आता त्याच्याकडे पाहिलं.

"राग जगावरचा सोडणार आहेस ना?"

"हो."

"त्यातला त्या फाटकापुरता सुटेल?"

त्याने फाटकाकडे पाहिलं.

"नाही, माई... ते फार मोठं आहे."

"मग जग त्याहून लहान कसं निघालं?"

माई पुन्हा पानं निवडू लागल्या.

शेवटी तो उठला. अंगण ओलांडताना तो मध्येच थबकला. मागे फिरावं असं फार वाटलं. दादाचे केस सगळे पिकलेत, हे त्याला तिथून दिसलं. तो आणखी थोडं पुढे गेला.

जनार्दन फाटकाचा गज धरून उभा होता. मग केशरीनाथ जमिनीकडे बघत कसंबसं काहीतरी पुटपुटला. जनार्दनने मान डोलावली.

केशरीनाथ झपाझप परत आला आणि ओसरीच्या पायरीवर मटकन बसला.

"नाही जमलं, माई. क्षमा मागायला हवी होती, क्षमा करायला हवी होती. साधं 'दादा' म्हणून हाकही मारता आली नाही. याही वर्षी पहिल्याच दिवशी..."

"काय बोललास?"

"पाणी हवं का, एवढंच विचारलं."

"आणि तो?"

"हो म्हणाला."

माईंनी मांडीवरची पानं बाजूला सारली. कोपऱ्यातल्या घड्यातून तांब्या भरून घेतला आणि त्याच्या हातात दिला.

"मग इथं काय बसलास? तो तहानलेला आहे."